खानापूरच्या दाव्यातील समन्स चंदगडच्या भावावर, सैन्यातील भावावर आणि सरकारी खात्यावर कसे बजावावे?

प्रश्न : मलप्रभाकाठ

सर्वांना नमस्कार. माझे गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढे आहे. आजोबांच्या नावे असलेल्या जमिनीच्या वाटपाचा आणि त्याच जमिनीतून जाणाऱ्या वाटेचा दावा आम्ही गेल्या वर्षी खानापूरच्या दिवाणी न्यायालयात दाखल केला. प्रतिवादी चार आहेत. पहिला चुलत भाऊ सासुरवाडीच्या गावी, चंदगड तालुक्यात, स्थायिक झालेला आहे, म्हणजे तो आता महाराष्ट्रात राहतो. दुसरा चुलत भाऊ सैन्यात आहे आणि त्याची पत्नी मुलांसह आमच्याच गावात राहते. वाट रुंद करताना बांधकाम खात्याने आमच्या हद्दीत खडी टाकली म्हणून तिसरे प्रतिवादी राज्य सरकार आहे, आणि वादाच्या सर्व्हे नंबरात दोन खांब उभे असल्यामुळे चौथी प्रतिवादी वीज वितरण कंपनी आहे.

वर्ष उलटले तरी दावा समन्सच्या पुढे सरकलेला नाही. चंदगडला पाठवलेले समन्स दोन महिन्यांनी "सदर इसम बाहेरगावी असल्याचे समजले, सबब समन्स परत" अशा शेऱ्यासह परत आले. सैनिक भावाच्या घरी बेलीफ ऐन रोपलावणीच्या दिवसांत गेला होता. वहिनींनी सही करण्यास नकार दिल्यामुळे त्याने समन्स दारावर डकवले, तरीही न्यायाधीशांनी ती बजावणी मान्य केली नाही. सरकारसाठीची नोटीस आम्ही कनिष्ठ अभियंत्याच्या कार्यालयात देऊन शिक्का घेतला होता, आणि वीज कंपनीचे समन्स खानापूरच्या शाखा कार्यालयात दिले गेले.

मला सर्वांत खटकणारी गोष्ट अशी की, चंदगडच्या भावाला दाव्याची संपूर्ण माहिती आहे. मे महिन्यात एका लग्नात त्याने याच विषयावर माझ्याशी अर्धा तास वाद घातला, आणि दाव्याच्या पहिल्या पानाचे छायाचित्र मी व्हॉट्सॲपवर पाठवले तेव्हा दोन्ही निळ्या खुणा उमटल्या. आता नातेवाईक सांगतात की वर्तमानपत्रात जाहीर समन्स देऊन एकतर्फी निकाल घ्या आणि मोकळे व्हा. हा मार्ग बरोबर आहे का? आणि दावा कन्नडमध्ये, तर चंदगडचा भाऊ केवळ मराठी वाचणारा, या कारणाने पुढे अडचण येऊ शकते का?

उत्तर : वकील, बेळगाव

आपल्या प्रश्नात चार प्रतिवादी आहेत आणि चौघांसाठी कायद्याने चार निरनिराळ्या वाटा आखलेल्या आहेत. आपल्याकडे मात्र चौघांना एकाच पद्धतीने समन्स पाठवले गेलेले दिसते. आपला वेळ गेला तो तिथे.

आधी जाहीर समन्सबद्दल लिहितो, कारण तिथे घाई केल्यास नुकसान मोठे आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ५, नियम २० प्रमाणे पर्यायी बजावणीची, म्हणजे जाहीर समन्ससारख्या मार्गांची, परवानगी तेव्हाच मिळते, जेव्हा प्रतिवादी समन्स चुकवण्यासाठी तोंड लपवत आहे असे मानण्यास कारण आहे, किंवा अन्य कोणत्याही कारणाने नेहमीच्या पद्धतीने बजावणी होऊ शकत नाही, अशी न्यायालयाची खात्री पटते. एकदा बेलीफ जाऊन "बाहेरगावी" असा शेरा घेऊन आला एवढ्याने ही खात्री पटू नये, आणि समजा पटली व आपल्याला एकतर्फी हुकूमनामा मिळाला, तरी तो किती टिकेल हा खरा प्रश्न आहे. एकतर्फी हुकूमनामा रद्द करून मागण्यासाठी मुदत कायदा, १९६३ च्या अनुच्छेद १२३ प्रमाणे हुकूमनाम्यापासून ३० दिवस मिळतात. मात्र समन्सची रीतसर बजावणी झालेली नसेल, तर ते ३० दिवस हुकूमनाम्याची माहिती झाल्यापासून मोजले जातात. त्याच अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणात असे म्हटले आहे की, नियम २० खालची पर्यायी बजावणी या कामासाठी रीतसर बजावणी समजली जाणार नाही. म्हणजे पाच वर्षांनी आपण वाटप अमलात आणायला जाल, भाऊ म्हणेल की मला कालच समजले, आणि त्याचा अर्ज मुदतीत आहे की नाही यावरच दोन वर्षे जातील. जाहिरातीचा खर्च वेगळाच.

आता चंदगडकडे वळू. परराज्यातील प्रतिवादीसाठी संहितेचे कलम २८ आणि आदेश ५, नियम २१ लागू होतात. समन्स त्या भागावर अधिकार असलेल्या न्यायालयाकडे जाते, ते न्यायालय स्वतःचेच समन्स असल्याप्रमाणे ते बजावते आणि बजावणीचा अभिलेख जोडून मूळ न्यायालयाकडे परत पाठवते. आपल्या भाषेच्या प्रश्नाचा अर्धा भाग इथे येतो. कलम २८ (३) प्रमाणे समन्सची भाषा आणि त्या अभिलेखाची भाषा वेगळी असेल, आणि अभिलेख हिंदी किंवा इंग्रजीत नसेल, तर त्याचे हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सोबत यावे लागते. आपले समन्स कन्नडमध्ये आणि तिकडच्या बेलिफाचा अहवाल मराठीत असल्यामुळे हे भाषांतर आले आहे का, हे प्रकरणात उघडून पाहा. ते नसेल तर त्याचा आग्रह धरा, कारण खानापुरात मराठी समजणारे शंभर लोक असले तरी अभिलेख न्यायालयाला वाचता आला पाहिजे.

भाषेचा दुसरा अर्धा भाग असा की, वाचता न येणाऱ्या भाषेतील समन्स मिळाले म्हणून बजावणी झालीच नाही, असे संहितेत कुठेही म्हटलेले नाही. तरीही दाव्याची मराठी प्रत आपल्या खर्चाने तयार करून सोबत जोडण्यास मी प्रत्येक पक्षकाराला सांगतो. पुढे "मला काय आहे ते समजलेच नाही" या सबबीला जागा उरत नाही. नियम २ प्रमाणे दाव्याची प्रत समन्ससोबत असावीच लागते, म्हणून पाकिटात ती खरोखर होती का तेही तपासा. आपण व्हॉट्सॲपवर एकच पान पाठवले होते, हे लक्षात असू द्या.

न्यायालयामार्फतच्या या लांबच्या फेऱ्याखेरीज एक जवळची वाटही आहे. नियम ९ च्या पोटनियम (४) प्रमाणे प्रतिवादी हद्दीबाहेर राहत असला, तरी पोटनियम (३) मधील पद्धतींनी, म्हणजे स्पीड पोस्ट, उच्च न्यायालयाने मान्य केलेली कुरिअर सेवा किंवा ईमेल यांद्वारे थेट बजावणी करण्याचा निर्देश न्यायालय देऊ शकते, आणि तसा निर्देश असेल तर नियम २१ चा फेरा लागू होत नाही. गंमत अशी की, या पोटनियमात पोचपावतीसह रजिस्टर्ड टपाल तेवढे वगळलेले आहे. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केल्यामुळे टपालाच्या खिडकीवर आता तो फरक उरलेला नाही, पण अर्जात शब्द लिहिताना "स्पीड पोस्ट" असाच लिहावा. याशिवाय नियम ९-अ प्रमाणे समन्स स्वतः बजावण्याची, म्हणजे दस्ती समन्सची, परवानगी मागता येते. मात्र दस्तीमध्ये प्रत्यक्ष हाती देणे हे काम आपले असते. भावाने घेण्यास नकार दिला तर ते दारावर डकवण्याचा उद्योग आपण करायचा नसतो. त्या वेळी न्यायालयाकडे अर्ज करून समन्स पुन्हा न्यायालयामार्फत काढून घ्यायचे असते.

सैन्यातील भावाबाबत न्यायाधीशांनी बजावणी मान्य केली नाही ते योग्यच झाले. नियम २८ प्रमाणे प्रतिवादी सैनिक, नौसैनिक किंवा वायुसैनिक असल्यास न्यायालयाने समन्स त्याच्या कमांडिंग ऑफिसरकडे पाठवायचे असते आणि प्रतिवादीने ठेवून घ्यायची प्रत सोबत द्यायची असते. नियम २९ प्रमाणे त्या अधिकाऱ्याच्या सहीने आणि सैनिकाच्या लेखी पोचेसह परत आलेले समन्स हा बजावणीचा पुरावा समजला जातो, आणि बजावणी अशक्य असेल तर तसे कारण लिहून ते परत येते. त्यामुळे घरच्या दारावर डकवण्याचा प्रश्न या प्रतिवादीपुरता मुळातच गैरलागू आहे. युनिटचा क्रमांक आणि "द्वारा ५६ एपीओ" किंवा "द्वारा ९९ एपीओ" असा सैनिकी टपालाचा पत्ता घरी येणाऱ्या पत्रांवर मिळतो. तो विशेष परिस्थितीत सेवेवर असल्याचा दाखला युनिटकडून आला, तर १९२५ च्या सैनिक दावे कायद्याप्रमाणे काम काही काळ स्थगित राहू शकते. ती शक्यता गृहीत धरून चाला. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आपल्या बेळगावात आहे आणि खानापूर, चंदगड भागात घराघरांत जवान आहेत, तरीही नियम २८ कडे दुर्लक्ष का होते हे मला आजवर उमगलेले नाही.

सरकारच्या बाबतीत माझी चिंता समन्सपेक्षा त्याआधीच्या नोटिशीची आहे. कलम ८० प्रमाणे सरकारविरुद्ध दावा करण्याआधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती दिल्यापासून दोन महिने थांबावे लागते. राज्य सरकारसाठी ती सरकारच्या सचिवाला किंवा जिल्ह्याच्या कलेक्टरला, म्हणजे आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्यांना, प्रत्यक्ष द्यावी लागते किंवा त्यांच्या कार्यालयात ठेवावी लागते. केंद्र सरकारच्या रेल्वेशी वाद असता तर ती जनरल मॅनेजरला, म्हणजे बेळगावच्या लोकांना नैऋत्य रेल्वेच्या हुबळी मुख्यालयात, द्यावी लागली असती. कनिष्ठ अभियंता यांपैकी कोणीच नाही. नोटिशीतील किरकोळ चुकांमुळे दावा फेटाळू नये असे पोटकलम (३) सांगते खरे, पण तेथेही नोटीस योग्य अधिकाऱ्याकडे दिलेली असणे ही अट कायम आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये बिहारी चौधरी विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात दोन महिने पुरे होण्याआधी केलेला दावा टिकत नाही असे स्पष्ट म्हटले आहे. तातडीची दाद हवी असल्यास पोटकलम (२) खाली न्यायालयाची परवानगी घेऊन नोटिशीविना दावा करता येतो, पण ती परवानगी आधी घ्यायची असते. आपण ती घेतलेली नसेल, तर सरकारपुरता दावा नव्याने करण्याची मुभा राखून काढून घ्यावा आणि नीट नोटीस देऊन पुन्हा यावे, हा पर्याय आपल्या वकिलांशी बोलून पाहा. नोटिशीचे दोन महिने मुदत कायद्याच्या कलम १५ (२) प्रमाणे मुदतीतून वगळले जातात, त्यामुळे त्या काळजीने घाई करण्याचे कारण नाही. प्रतिवादी म्हणून "कर्नाटक राज्य" असे लिहावे. खाते किंवा अभियंता लिहून भागत नाही. दावा उभा राहिल्यावर समन्स मात्र सोपे आहे, कारण आदेश २७, नियम ४ प्रमाणे त्या न्यायालयातील सरकारी वकील हेच सरकारच्या वतीने समन्स स्वीकारणारे प्रतिनिधी असतात.

वीज कंपनी सरकारच्या मालकीची असली तरी ती कंपनी आहे. आदेश २९, नियम २ प्रमाणे सचिव, संचालक किंवा मुख्य अधिकाऱ्यावर बजावावे, अथवा नोंदणीकृत कार्यालयात, म्हणजे हुबळीला, पाठवावे.

शेवटी एक तातडीची गोष्ट. समन्स बजावल्याविना परत आल्याची नोंद झाल्यापासून ७ दिवसांत नव्या समन्ससाठी अर्ज केला नाही, तर आदेश ९, नियम ५ खाली त्या प्रतिवादीपुरता दावा फेटाळला जाऊ शकतो. चंदगडचे समन्स नेमके कोणत्या तारखेला परत आले, ते आजच पाहा.

उत्तर : निवृत्त बेलीफ

वकीलसाहेबांनी कायदा सांगितला. मी दारावरची गोष्ट सांगतो, कारण तीस वर्षे याच तालुक्यांत समन्स घेऊन फिरलो आहे.

समन्स दारावर डकवणे ही सर्वांत शेवटची पायरी आहे, पण आमच्या खात्यात ती कधी कधी पहिली होते. नियम १७ प्रमाणे समन्स घेणाऱ्याने सही नाकारली असेल, किंवा प्रतिवादी घरी नसेल, वाजवी वेळेत तो घरी भेटण्याची शक्यता नसेल, आणि त्याच्या वतीने समन्स घेणारे दुसरे कोणी नसेल, तेव्हाच डकवता येते. "वाजवी वेळ" या दोन शब्दांवर न्यायाधीश बोट ठेवतात. पावसाळ्यात कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात सकाळच्या गाडीने गेलात, तर नव्वद टक्के घरांना बाहेरून कडी असते, कारण सगळे चिखलात असतात. ते संध्याकाळी परत येणारच असतात. परतीची गाडी चुकेल म्हणून दुपारी बारा वाजता दारावर कागद लावून जो निघतो, त्याने प्रतिवादीला गाठायचा खरा प्रयत्न केलेला नसतो. एका न्यायाधीशांनी मला उलटतपासणीसारखेच विचारले होते, "तो शेतावर होता असे शेजाऱ्याने सांगितले, मग तुम्ही शेतावर का गेला नाहीत?" त्यानंतर मी पिशवीत गमबूट ठेवू लागलो.

चंदगडच्या शेऱ्यातही हीच उणीव आहे. "बाहेरगावी असल्याचे समजले" असे लिहिले आहे, पण कोणाकडून समजले, कोणत्या गावी, कधी परतणार, घरात आणखी कोण होते, यांतले काहीही लिहिलेले नाही. प्रतिवादी घरी नसेल आणि लवकर येण्याची शक्यता नसेल, तर नियम १५ प्रमाणे त्याच्याबरोबर राहणाऱ्या कुटुंबातील सज्ञान व्यक्तीला समन्स देता येते, मग ती पुरुष असो की स्त्री. नोकर मात्र कुटुंबातला धरत नाहीत. चुलत भावाची पत्नी किंवा मेव्हणा त्याच घरी राहत असेल तर बेलिफाने त्यांना विचारायला हवे होते. फौजदारी समन्समध्ये पूर्वी घरातील सज्ञान पुरुषच लागायचा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ६६ मध्ये ती पुरुषाची अट गेली आहे. घरात एकटी सून असली की पोलिसाला चार चार फेऱ्या घालाव्या लागत, ते मी पाहिलेले आहे.

डकवायची वेळ आलीच तर काय करावे, तेही सांगतो. घर कोणी दाखवले आणि कोणाच्या समक्ष डकवले, त्यांची नावे व पत्ते अहवालात लिहावे लागतात. मी ग्रामपंचायतीच्या शिपायाला बरोबर घेत असे आणि शेजारच्या एका माणसाची सही घेत असे. एका गावात एकाच आडनावाची सात घरे होती आणि त्यांतल्या दोघांची नावे वडिलांच्या नावासह सारखी होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी भाताची खळ लावून समन्स चुकीच्या दारावर डकवले. तो बिचारा म्हातारा दुसऱ्या दिवशी खळीसकट सोललेला कागद घेऊन न्यायालयात आला आणि "मी कोणाचे काही घेतलेले नाही" असे नाझरांना, म्हणजे आम्हा बेलिफांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांना, सांगू लागला. तेव्हापासून मी पत्त्याबरोबर घराची खूणही लिहू लागलो, म्हणजे विहिरीच्या पूर्वेस, कौलारू, निळे दार, असे. वादीने दावा दाखल करतानाच अशी खूण दिली तर बेलिफाचे अर्धे काम होते.

डकवल्याचा अहवाल बेलिफाच्या शपथपत्रासह नसेल, तर नियम १९ प्रमाणे न्यायालयाला त्याची शपथेवर तपासणी करावीच लागते, आणि समन्स रीतसर बजावले गेले असे न्यायालयाने जाहीर करीपर्यंत ते बजावलेले नसते. आपल्या प्रकरणात शपथपत्र जोडले होते का, ते पाहून घ्या. सैनिकासाठी त्याचा उपयोग नसला तरी पुढच्या वेळी कामाला येईल.

आणखी एक. सीमाभागात समन्स कन्नड, घरचे लोक मराठी, हा नेहमीचाच प्रकार आहे. मी समन्स हाती देताना मजकूर मराठीत समजावून सांगत असे आणि अहवालात "मजकूर मराठीत समजावून सांगितला" अशी एक ओळ लिहीत असे. नियमात ती ओळ मागितलेली नाही. पण ती असली की तारखेच्या दिवशी माणूस हजर राहतो, एवढा माझा अनुभव आहे.

उत्तर : निपाणीचा आडत्या

विषय थोडा वेगळा, पण पत्त्याच्या बाबतीत माझी चूक इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याने मला दिलेला धनादेश न वटता परत आला. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ प्रमाणे बँकेकडून माहिती मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे दिले नाहीत तर फिर्याद करता येते. मी नोटीस वेळेत पाठवली आणि ती "दार बंद" शेऱ्याने परत आली. मला सर्वांनी धीर दिला की बरोबर पत्त्यावर नीट तिकीट लावून पाठवलेले रजिस्टर पत्र पोहोचले असेच कायदा धरतो. सामान्य वाक्खंड अधिनियम, १८९७ चे कलम २७ तसेच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी प्रकरणात धनादेशाच्या नोटिशीला ते लागू असल्याचे सांगितले आहे.

पण "बरोबर पत्त्यावर" या शब्दांकडे मी दुर्लक्ष केले. मी पत्ता तीन वर्षांपूर्वीच्या बिलावरून घेतला होता, आणि त्याने दुकान दीड वर्षापूर्वी दुसऱ्या पेठेत हलवले होते. नव्या दुकानाची पावती माझ्याच फाइलमध्ये निघाली आणि ती समोरच्या वकिलाने मलाच दाखवली. पत्ता चुकल्यावर गृहीतक कोसळले, तोपर्यंत ३० दिवस आणि धनादेशाची मुदत दोन्ही उलटून गेली होती, आणि फिर्याद गेली. दिवाणी दावा अजून चालू आहे. तेव्हापासून मी प्रत्येक नोटीस माहीत असलेल्या सगळ्या पत्त्यांवर वेगवेगळ्या पाकिटांतून पाठवतो, आणि टपालाच्या संकेतस्थळावरील मार्गनोंद त्याच आठवड्यात छापून ठेवतो, कारण काही महिन्यांनी ती तिथे दिसत नाही.

पुन्हा प्रश्नकर्ता : मलप्रभाकाठ

तिघांचेही मनापासून आभार. चंदगडचे समन्स परत येऊन आज पाचवा दिवस आहे असे नाझर विभागातून समजले, म्हणून नवीन समन्ससाठीचा अर्ज उद्याच देणार आहोत. एकच शंका राहिली. व्हॉट्सॲपवरच्या निळ्या खुणांना काहीच किंमत नाही का? महासाथीच्या काळात न्यायालयांनी ती पद्धत मान्य केली होती असे वाचले होते.

उत्तर : वकील, बेळगाव

सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२० रोजी त्या काळातील अडचणी पाहून व्हॉट्सॲप, टेलिग्राम यांसारख्या सेवांवरून बजावणीस परवानगी दिली होती हे खरे आहे, परंतु त्याच दिवशी तोच दस्तऐवज ईमेलनेही पाठवला पाहिजे अशी अट त्यात होती. शिवाय तेथे विषय न्यायालयाच्या समन्सचा व नोटिशीचा होता. पक्षकाराने आपल्या मर्जीने पाठवलेल्या छायाचित्राचा नव्हता. आपण पाठवले तेव्हा त्यावर न्यायालयाचा शिक्का, तारीख किंवा हजर राहण्याचा आदेश यांतले काहीच नव्हते. २१ जानेवारी २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांच्या हजर राहण्याच्या नोटिसा व्हॉट्सॲपवरून बजावू नयेत असे सांगितले. तो फौजदारी बाजूचा विषय आहे, पण वाऱ्याची दिशा त्यावरून कळते.

तरीही तो संदेश पुसून टाकू नका. आदेश ९, नियम १३ च्या दुसऱ्या परंतुकाप्रमाणे, प्रतिवादीला सुनावणीची तारीख माहीत होती आणि हजर राहायला पुरेसा वेळ होता असे न्यायालयाला दिसले, तर केवळ बजावणीतील अनियमिततेमुळे एकतर्फी हुकूमनामा रद्द होत नाही. यापुढे तारीख पडली की ती तारीख, न्यायालयाचे नाव आणि दाव्याचा क्रमांक एवढाच मजकूर मराठीत त्याला पाठवत जा. वाद घालू नका. पुढे तो पुरावा म्हणून द्यावा लागला तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ (४) प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागेल, म्हणून फोन बदलला तरी जुना जपून ठेवा.

आणि जाहीर समन्स देण्याची वेळ आलीच, तर ते प्रतिवादी शेवटचा जिथे राहत होता किंवा काम करत होता त्या भागात खपणाऱ्या दैनिकात द्यावे लागते. चंदगडच्या माणसासाठी बेळगावच्या कन्नड दैनिकात दिलेली जाहिरात मी एकदा पाहिली आहे. पक्षकाराने पैसेही भरले होते.

प्रश्नकर्ता : मलप्रभाकाठ

कळवतो की आज अर्ज दिला. चंदगडसाठी तेथील न्यायालयामार्फत आणि शिवाय स्पीड पोस्टने अशा दोन्ही मार्गांची मागणी केली आहे. दाव्याची मराठी प्रत जोडली आहे आणि पत्त्यात "मारुती मंदिरामागे, दुमजली घर, दारात नारळाची दोन झाडे" अशी खूण लिहिली आहे. भावाच्या सासऱ्यांच्या घराचा पत्ताही दुसरा पत्ता म्हणून दिला. वहिनींकडे जाऊन युनिटचा पत्ता मागितला तेव्हा त्यांनी आधी चहा केला, मग कपाटातून एक लिफाफा काढून दाखवला आणि म्हणाल्या, "हे आधीच विचारलं असतं तर मी त्या दिवशी सही कशाला नाकारली असती? बेलिफाने तर मला काही सांगितलंच नाही, नुसता कागद पुढे केला." सरकारविरुद्धचा भाग काढून घेण्याबाबत वकील पुढच्या तारखेला निर्णय घेतील. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावची नोटीस मात्र आजच कन्नडमध्ये टंकलिखित करून घेतली आहे, आणि सोमवारी बेळगावला जाऊन आवक विभागाचा शिक्का दुय्यम प्रतीवर घेणार आहे.